सध्या अक्काचं खातं

विजू,

आधी तुझी माफी मागते. अक्षर माझं गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही कळत नव्हतं. तू शाळेत असताना माझ्या चिठ्ठ्यांवर लाल पेन फिरवायचास, आता तसं करायला कुणी नाही, तेव्हा चुका तशाच राहतील. हे कुणाला दाखवायचं नाही. समोर असतास तर मला बोलता आलं नसतं. चार माणसांत बोलायला मला जमत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण भांडायला मला एकट्यात, एकाशीसुद्धा जमत नाही, हे फक्त तुला माहीत होतं.

तुझं पंधरा दिवसांचं सगळं आटोपून मी नांदेडहून चाकूरला परत आले. दुसऱ्या दिवशी दुपारी गणवेशाच्या बाह्या जोडत बसले होते आणि फोनवर सहा आकडे आले. मी मशीन थांबवलं. फोन हातात घेतला आणि वाट बघत बसले. दोन वर्षं असंच चालत आलं होतं ना. आधी आकडे यायचे, मग लगेच तुझा फोन.

"अक्का, आकडा आला का?"

"आला. चार, शून्य, सात..."

"हळू सांग. पळू नको."

मी सांगायचे. तू "बरं बरं" म्हणायचास, भाऊजी कसे आहेत, सासूबाईंचा गुडघा काय म्हणतो, एवढं विचारून ठेवायचास. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. मी त्या फोनची वाट बघायचे. इंग्रजी मेसेज मला वाचता येत नाही, पण आकडे येतात, आणि माझ्या भावाला माझ्या वाचण्याची गरज पडते याचं मला कौतुक वाटायचं. शेजारच्या शांताबाईला मी सांगितलंही होतं, विजूचं काम माझ्या आकड्याशिवाय होत नाही.

त्या दुपारी आकडे आले आणि विचारणारा नव्हता. मला पहिल्यांदा तेव्हा रडू आलं. तेराव्यालाही आलं नव्हतं. आकडे मिटून जाईपर्यंत मी ते मनात म्हणत राहिले.

त्यानंतर तीन-चार मेसेज आले, त्यांत आकडे वेगळे होते. तेवढे मात्र मी ओळखले. पैसे कापल्याचे होते.

बँकेत गेले. पासबुक दोन वर्षं तुझ्याकडंच होतं, नांदेडहून येताना तुझ्या रेखानं तुझ्या कपाटातून काढून दिलं होतं. खिडकीतल्या मुलीनं ते मशीनमध्ये घातलं, तर ते छापतच राहिलं. तिनं माझ्याकडं बघितलं. "मावशी, तुम्ही काही परदेशी कंपनीचं भाड्यानं घेतलंय का? कॉम्प्युटरचं?"

मी म्हणाले, "मी कपडे शिवते."

"मग हे कोण करून राहिलंय? महिन्याला पैसे येतात आणि तेवढेच जातात. एप्रिलपासून मात्र येणं बंद आहे. नुसतं जाऊन राहिलंय."

खात्यात अकराशे वीस रुपये होते. बासष्ट हजार चारशे गेले होते. घरच्या जुन्या पायमशीनवर मोठं काम होत नाही, एक जुकी आणि एक ओव्हरलॉक अशी विजेवरची मशीनं घ्यायची म्हणून मी सहा वर्षं साठवले होते ते. बचत गटात दुसऱ्याच्या मशीनवर शिवायचं सोडून स्वतःच्या घरी गणवेशाचं काम घ्यायचं, एवढंच माझं स्वप्न. ते तुला सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. यांनासुद्धा नाही, कारण झालं नाही तर हसतील.

एप्रिल म्हणजे चैत्र, विजू, तेव्हा तू जिवंत होतास. श्रावणात गेलास. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, चार महिने तुला माहीत होतं की माझेच पैसे कापले जात आहेत. आणि तू फोन करून "आकडा आला का" विचारत होतास.

तू खातं उघडलंस तो दिवस मला आठवतो. आमच्याकडं दोन दिवस राहायला आला होतास. "अक्का, तुझ्या नावानं एक खातं उघडतो," म्हणालास. मला वाटलं, भावानं काही ठेव ठेवली. मी कागदपत्रं दिली, माझ्या बचतीच्या खात्याचं पासबुक आणि बँकेचं नवीन कार्ड दिलं, सही केली. काय ठेवलंस हे विचारणं बरं दिसत नाही म्हणून विचारलं नाही. ओवाळणी किती टाकली हे कुणी ताटात वाकून बघतं का?

त्याच दोन दिवसांबद्दल मला तुझे आभारही मानायचे आहेत, म्हणून तर लिहिणं अवघड होत आहे. तू माझ्याजवळ जमिनीवर मांडी घालून बसलास आणि कापड बेतायचे माझे खाकी कागदाचे फर्मे एकेक करून बघितलेस. पाठ, पुढा, बाही, कॉलर. हे वेगवेगळे का ठेवतेस, एकच अख्खा का नाही करत, दोऱ्यात का ओवतेस, माप कुठं लिहितेस. मी सांगितलं, फर्मा एकच असतो, माप चिठ्ठीवर. चिठ्ठी गिऱ्हाइकाची, फर्मा आपला. गिऱ्हाईक गेलं की चिठ्ठी गेली, फर्म्याला कात्री लावायची नाही. तू मांडीवर थाप मारलीस.

"अक्का, मी हेच करून राहिलो गं."

मग तू मला तुझं काम सांगितलंस. आधी एकेक यंत्र बटणं दाबून दाबून उभं करावं लागायचं. आपल्याला न दिसणारी यंत्रं, मोठ्या कंपन्यांची, भाड्यानं मिळणारी. क्लाउड म्हणतात त्याला. आता काय काय पाहिजे ते फक्त लिहायचं, की लिहिल्याबरहुकूम सगळं आपोआप उभं राहतं. आणि तेच लिखाण दहा गिऱ्हाइकांना वापरता यावं म्हणून त्याचे तुकडे करून ठेवायचे. तू त्याला मॉड्यूल म्हणायचास. मी म्हणाले, म्हणजे फर्मा. तू म्हणालास, हाव, फर्मा.

माझ्या अख्ख्या आयुष्यात मला कुणी एवढे प्रश्न विचारले नव्हते. लग्न ठरवताना पण दोनच विचारले होते.

मग आपलं भांडण झालं. तू विचारलंस, "समज, कुणी मापच दिलं न्हाई तर?"

"तर शिवायचं न्हाई."

"असं कसं? एखादं सवयीचं माप फर्म्यातच लिहून ठेवायचं. न्हाई आलं माप तर तेच लागू. काम अडत न्हाई."

"मग कुणी माप द्यायलाच येत न्हाई, बाबा."

मी तुला आमच्या गटाची गोष्ट सांगितली. एका वर्षी एका शाळेकडून मापं आली नाहीत आणि आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, जिथं माप नाही तिथं तिसरीचं माप धरा. मग बाकीच्या शाळांच्या गुरुजींनीही मापं घेतली नाहीत. म्हणाले, बायका नाहीतरी तिसरीचं धरतातच की. सगळ्या शाळांची पोरं तिसरीच्या मापात. पहिलीच्या पोरांच्या चड्ड्या पोटरीपर्यंत आणि सातवीच्या पोरींना बाहीत हात घालता येईना. महिनाभर मी उसवत बसले होते.

तू हसून हसून लोळलास. "तू लई जुनी शिंपीण हायस, अक्का."

"अन् तू नवा आळशी."

"पुढच्या वेळी तुला पटवून देतो बघ," असं म्हणत तू गाडीला किक मारलीस. पटवून द्यायला तू आला नाहीस. नंतर मी दोनदा विषय काढला, तर "आकडा सांग आधी" म्हणालास.

बँकेतून मी तशीच नांदेडला निघाले. तुझ्या घरी रेखा एकटीच होती. पासबुक तिच्यापुढं ठेवलं. ती बघत राहिली. मी शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग ती बोलली.

"वन्सं, फाल्गुनातच यांची नोकरी गेली होती. मला पण ज्येष्ठात कळलं. रोज सकाळी शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसायचे. मी दार लोटून घ्यायची, मीटिंग असंल म्हणून."

"मग घर कशावर चालत होतं?"

"बाहेरची कामं करून राहिलेत म्हणायचे. कोणाची, ते न्हाई सांगितलं. हे पैसे तुमचे होते हे मला खरंच म्हाईत न्हवतं."

तिचा चेहरा बघून मी विश्वास ठेवला. तुझ्या चेहऱ्यावरही ठेवला होता, म्हणून थोडं थांबून ठेवला.

तिनं इम्रानला बोलावलं. विष्णुपुरीच्या कॉलेजात तुझ्या बाकावर बसणारा तो इम्रान, आता घरून हैदराबादच्या कंपनीचं काम करतो. तुझा लॅपटॉप त्यानं उघडला. मी बाजूला पाण्याचा तांब्या घेऊन उभी. त्याला तास लागला. मग तो म्हणाला, "आपा, बसा आधी."

त्यानं सांगितलं ते मला कळलं, कारण तूच मला शिकवून ठेवलं होतंस. लातूरच्या एका क्लासवाल्यांच्या ऑनलाइन परीक्षेसाठी तू फर्मा केलास. परीक्षा आली की त्यातून यंत्रं उभी राहतात, झाली की मोडतात. आणखी दोन छोटी गिऱ्हाइकं तोच फर्मा वापरतात. यंत्रांचं भाडं कोणाच्या खात्यातून कापायचं हेही एक मापच, ते गिऱ्हाइकानं आपलं आपलं भरायचं. पण तू ती जागा रिकामी ठेवली नाहीस. फर्म्यातच माझं खातं लिहून ठेवलंस. नोकरीच्या करारात बाहेरचं काम करायला मनाई होती म्हणून तुझं नको, माझं. गिऱ्हाइकांनी काही भरलंच नाही, कशाला भरतील? जे जे उभं राहिलं ते माझ्यावर. फाल्गुनापर्यंत तू तेवढे पैसे माझ्या खात्यात टाकत होतास, मग थांबलास. मोठी रक्कम झाली की बँक आकडे विचारायची, लहान असली की गुपचूप कापायची.

तो सांगत होता तेव्हा मी पडद्याकडं बघत होते. सगळं इंग्रजी. मुंग्यांच्या रांगा. आणि मध्येच एका ठिकाणी माझी नजर अडली. एक ओळ आपल्या अक्षरांत होती.

"ते काय लिहिलंय रे?"

इम्राननं पटकन बोटानं पान वर सरकवलं. "काही न्हाई आपा, असंच. त्याच्या आठवणीसाठी."

"खाली घे."

त्यानं घेतलं. मी वाचली. *सध्या अक्काचं खातं. नंतर बदलायचं.*

तू आयुष्यात एवढं लिहिलंस, विजू, त्यातली मला वाचता येणारी ही एवढीच ओळ. बाकीच्यांना वाचता येऊ नये म्हणून मराठीत लिहिलीस, आणि जिला वाचता येईल ती कधी लॅपटॉपसमोर येणार नाही असं धरून चाललास. खाली तारीख होती, दोन वर्षांपूर्वीची. म्हणजे मी तुला मापाची गोष्ट सांगितली त्याच आठवड्यातली. म्हणजे तू हसून लोळत होतास तेव्हा तुझ्या मनात हेच होतं.

मी तुझ्या लॅपटॉपसमोर बसून आबांचा आवाज ऐकला. तू पाळण्यात होतास, आई शेतावर जायची, आणि गुरुजी घरी विचारायला आले होते, पोरगी पाचवीला का आली नाही म्हणून. आबा म्हणाले होते, सध्या राहू द्या घरी, धाकट्याला धरायला कुणी नाही, पुढच्या वर्षी घालू. तुला धरूनच मी मोठी झाले. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, खरंच सांगते, कारण तू शिकलास. पण आबा अडाणी होते. तुला तर सगळं कळत होतं.

मागितले असतेस तर दिले असते. नोकरी गेली म्हणाला असतास तर पायमशीन विकून दिले असते. तू मागितलं नाहीस, घेतलंस. आणि ते माझ्याच तोंडून आकडे वदवून घेतलंस, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. चोराला किल्ली हातानं देणारी बाई मी, आणि वर शेजारणीला कौतुक सांगणारी.

इम्रान म्हणाला, "आपा, मी आत्ता तुमचं खातं काढून टाकू शकतो. एका मिनिटात. पण मग सगळं बंद पडंल, आणि रविवारी क्लासचा पेपर हाय. हजारभर पोरं बसणार. सरांना आधी कुणीतरी सांगाय पायजे."

"तू सांग."

"मी कोण? खातं तुमचं हाय."

रेखानं नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.  क्लासवाल्या बिराजदार सरांचा आवाज मोठा होता, वर्गात बोलतात तसा.

"कोण बोलतंय?"

"मी विजूची बहीण. चाकूरहून."  इम्राननं मान हलवली. मी म्हणाले, "सर, तुमची परीक्षा माझ्या पैशानं चालू हाय."

 ते म्हणाले, "बाई, मी विजयला दर महिन्याला भाडं दिलंय. आषाढापर्यंतचं. माझ्याकडं पावत्या आहेत."

"दिलं असंल. माझ्यापर्यंत न्हाई आलं."

"हे बघा, रविवारी पेपर आहे. पोरांचं नुकसान—"

"पोरांचं करणार न्हाई," मी मधेच म्हणाले. कुणाचं बोलणं मी याआधी तोडलं असेल असं मला आठवत नाही. "रविवार होऊ द्या. सोमवारी सकाळी इम्रान माझं खातं काढणार. तोवर तुमचं भरा. न्हाई भरलं तर बंद पडंल, मग मला फोन करू नका."

फोन ठेवला तर रेखा तोंडाला पदर लावून बघत होती. इम्रान म्हणाला, "आपा, विजूला हे कधी जमलं नसतं. गिऱ्हाइकाला न्हाई म्हणायला त्याला लई जड जायचं." मला ते खरं वाटलं. लहानपणी पण तू असाच. दुकानदारानं कमी सुटे दिले तर रडत घरी यायचास, परत मागायला मला पाठवायचास.

सोमवारी सकाळी इम्राननं ते केलं तेव्हा मी शेजारी बसले होते. माझं खातं खोडलं, तुझी ओळ खोडली. दुसरं काही लिहिलं नाही, जागा रिकामी ठेवली. मग मला दाखवायला त्यानं काही न भरता फर्मा चालवून बघितला. लाल अक्षरं आली आणि सगळं थांबलं. "अडलं बघा. आता ज्यानं त्यानं आपलं भरल्याबिगर पुढं सरकतच न्हाई."

"हेच मी त्याला सांगितलं होतं," मी म्हणाले.

"म्हाईत हाय आपा. त्यानं सांगितलं होतं."

 इम्रान म्हणाला, गेल्या वर्षी तुमच्या कॉलेजात तू पोरांपुढं बोलायला उभा राहिलास. पडद्यावर पहिलं चित्र माझ्या खाकी कागदांचं लावलंस, दोऱ्यात ओवलेले. फर्मा आपला, चिठ्ठी गिऱ्हाइकाची, हे मला माझ्या मोठ्या बहिणीनं शिकवलं, असं म्हणालास. ती चौथी शिकलेली आहे म्हणालास. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

हे मला का नाही सांगितलंस? दोनशे पोरांना सांगितलंस आणि मला फोनवर आकडे विचारलेस. माझ्या घरी येऊन एवढं एक वाक्य बोलला असतास, तर बासष्ट हजार मी तसेच सोडून दिले असते. आणि दुसऱ्या बाजूनं मला वाटतं की ज्या माणसाला टाळ्या घेताना मी आठवले, त्याला पैसे कापताना पण मी आठवलेच असणार. दोन्ही वेळा तूच होतास. कुठला धरू? दोन महिने झाले, मशीनवर बसले की हेच चालतं डोक्यात. एकदा रागात तुझा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवला. सासूबाईंनी विचारलं तर पुसायला काढलाय म्हणाले. मग पुसावा लागला.

रेखा हुशार निघाली, हे तुला सांगायला हवं. तिनं आणि इम्राननं मिळून बिराजदार सरांना म्हटलं, फर्मा तुमच्या खात्यावर नीट बसवून देतो, शिकवून देतो, पण त्याचे वेगळे पैसे. सरांनी आधी खळखळ केली, मग तीन हप्त्यांत कबूल झाले. इम्राननं आपला वाटा घेतला नाही. आणि तुझ्या फ्लॅटचा हप्ता थकलेला असताना रेखा म्हणाली, आधी वन्संचे. मी नको म्हणाले. ती ऐकेना. आता ती इम्रानकडून ते काम शिकत आहे. परवा फोनवर मला विचारत होती, वन्सं, कॉलरचा फर्मा तुम्ही वेगळा कामून ठेवता?

काल ती शेवटचा हप्ता घेऊन आली, नांदेडहून एसटीनं, एकटी. पाकीट माझ्या मशीनच्या फळीवर ठेवलं.

"मोजा."

"राहू दे गं."

"न्हाई, मोजा वन्सं. त्यांनी तुम्हाला मोजू दिले न्हवते."

मी मोजले. पहिल्यांदा पंचवीस हजार आले होते, मग एकोणीस हजार चारशे, आणि हे अठरा हजार. ती माझ्या ओठांकडं बघत होती.

"झाले पूर्ण?"

"झाले."

ती रडली, मी नाही. पैसे परत आले की राग जाईल असं मी धरून चालले होते. तो गेला नाही. पैसे तुझ्या बायकोनं फेडले, तुझ्या मित्रानं फेडले, तू केलेल्या फर्म्यानं फेडले. तुझ्या हातून आले असते तर त्यातले निम्मे मी तुझ्याच खिशात कोंबले असते, आणि आपण परत मापावरून भांडलो असतो. ते राहिलं. ते कुणी फेडू शकत नाही.

पण पैशाचं म्हणशील तर तुझ्याकडं माझा एक रुपयाही निघत नाही आता, विजू. बासष्ट हजार चारशे. सगळे मिळाले.